हात मागे

घरात त्याला राजा म्हणत. कॉलेजात गेल्यावर त्याचा राजेसाहेब झाला. ही बढती आपल्याला कशाबद्दल मिळाली, हे त्याला पुष्कळ दिवस कळलं नाही. कडक इस्त्रीच्या शर्टामुळे असेल, असं त्याला वाटे. एका परीनं ते खरंही होतं, फक्त इस्त्री त्याची नव्हती.

राजेसाहेब ऑक्युपेशनल थेरपी शिकत होते. हे नक्की काय असतं, हे नातेवाइकांच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही. मामांनी बातमी कळताच मान पुढे केली आणि म्हणाले, "जरा दाबून दे बघू, इथं, अजून खाली." आत्यानं घरी बसलेल्या मुलाची सगळी माहिती आणून दिली, कारण ऑक्युपेशन म्हणजे नोकरी, एवढं इंग्रजी तिला येत होतं. बाबा बस डेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवायच्या खिडकीत बसत. कुणी विचारलं की ते "मेडिकललाच आहे" म्हणत आणि लगेच एखाद्या गाडीचा नंबर बघायला वळत. आई मात्र ठाम होती.

"डॉक्टरच आहे, पण गोळ्या देत नाही. माणसाला पुन्हा उभं करतो."

"उभं करायचं काम फिजिओथेरपीवाल्यांचं असतं गं," राजा म्हणे.

"मग तू काय, खाली बसवतोस?" धाकटी बहीण विचारी.

तसं पाहिलं तर विद्या साधी आणि सोन्यासारखी. एखाद्याची अर्धी बाजू लुळी पडली, कुणाचा हात यंत्रात गेला, कुणाच्या बोटांतलं बळ गेलं, की त्याला पुन्हा आपल्या हातानं जेवता यावं, शर्ट घालता यावा, अंघोळ करता यावी, म्हणून त्याला शिकवायचं. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायची पाळी माणसावर येऊ नये, एवढंच या शास्त्राचं मागणं. आणि हे शास्त्र शिकायला आला कोण, तर ज्याच्या ब्रशवर पेस्टसुद्धा आई लावून ठेवत होती तो.

आईनं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. सकाळी शर्ट खुर्चीवर तयार, वरची दोन बटणं उघडी, म्हणजे डोकं घातलं की झालं. अंडं सोललेलं, ब्रेडच्या कडा काढलेल्या. बुटाच्या नाड्या बाबा बांधत, कारण शाळेत असताना एकदा त्याची गाठ सुटून तो पडला होता आणि तेव्हापासून घरानं त्याला पुन्हा गाठ मारू दिली नव्हती. संत्रं तर त्यानं सालीसकट पाहिलं असेल तर ते बाजारातच. बशीत येत त्या फोडी, वरच्या पांढऱ्या शिरासुद्धा काढलेल्या. मध्यंतरी त्या फोडी जराशा चिरडलेल्या, ओरखडलेल्या यायला लागल्या, तेव्हा राजेसाहेबांनी तक्रार केली होती. "हल्ली रस वाया जातो, आई." आई म्हणाली होती, "संत्रीच मेली तशी येतात हल्ली."

कॉलेजचा विभाग तळघरात होता. तिथं एक खोटं घर मांडलेलं होतं, रोग्यांनी रोजचं जगणं शिकावं म्हणून. स्वयंपाकघर होतं, पण शेगडीला गॅस नव्हता. न्हाणीघर होतं, पण नळाला पाणी नव्हतं. रोग्यानं कोरड्या तांब्यानं हवेत अंघोळ करायची आणि विद्यार्थ्यांनी "छान, आता पाठ" म्हणायचं. पलंगावर मात्र गादी उत्तम होती, कारण दुपारी विभागाचा शिपाई तिथं पडे. पुस्तकांत जेवणाला जेवण म्हणत नसत, स्व-आहार कौशल्य म्हणत. कपडे घालणं म्हणजे परिधान क्रिया. राजेसाहेबांना ही नावं इतकी पाठ होती की प्रत्यक्ष क्रिया करून बघायची त्यांना कधी गरज पडली नाही. हाताची शरीररचना हा तर त्यांचा हातखंडा. अंगठ्याच्या स्नायूंची नावं ते झोपेत म्हणू शकत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण करणाऱ्याला राजेसाहेब भेटले असते तर त्यानं बापड्यानं दुसरी म्हण केलीच नसती.

या तळघरावर राज्य होतं ते बाईंचं. ठेंगण्या, आवाज खर्जातला, आणि चप्पल न वाजवता मागं येऊन उभ्या राहायची सवय. मुलं त्यांना हातमागे बाई म्हणत. रोगी धडपडत बटण लावू लागला, बटण निसटलं, पुन्हा निसटलं, की शिकाऊ मुलांचा हात आपोआप पुढे जातो. तेवढ्यात मागून आवाज येई, "हात मागे!" मग त्या मुलानं आपलं मनगट आपल्याच दुसऱ्या हातानं पाठीमागं धरून उभं राहायचं आणि रोग्याला धडपडू द्यायचं. बाई म्हणत, "मदत करायला अक्कल लागत नाही. न करायला लागते."

तिसऱ्या वर्षी वॉर्डात जाण्याआधी बाईंचा एक रिवाज होता. प्रत्येकाचा उजवा हात आठवडाभर छातीशी पट्टीनं बांधून टाकायचा आणि रोजचं सगळं डाव्या हातानं करायचं. आठवडा संपला की वर्गासमोर उभं राहून आपली फजिती सांगायची. फजिती ऐकून बाई ठरवत, कुणाला रोग्याच्या जवळ जाऊ द्यायचं.

सोमवारी वर्ग जमला तो एखाद्या दंगलीतून सुटून आल्यासारखा. एकीचा कुर्ता उलटा होता. एकाचा ओठ चहानं भाजला होता. एकानं तर पँटच्या बटणाशी झुंज देता देता बस चुकवली होती आणि शेवटी पट्ट्याऐवजी सुतळी बांधून आला होता. राजेसाहेब आले ते भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून, साबणाचा वास दरवळवत.

"मला विशेष अडचण आली नाही," ते उभं राहून म्हणाले. आवाजात नम्रता होती, पण ती खाली बसत नव्हती.

"वा," बाई म्हणाल्या. "ब्रशवर पेस्ट कशी लावलीत?"

"आईनं लावली."

"शर्ट?"

"आईनं घातला."

"नाड्या?"

"बाबांनी."

"जेवलात कसे?"

"आईनं घास..." इथं राजेसाहेबांना कुठंतरी काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं.

"बरं. पट्टी नसते तेव्हा यातलं काय काय आपलं आपण करता?"

राजेसाहेब मनापासून आठवू लागले. वर्ग श्वास धरून बसला. "घास माझा मीच घेतो," ते शेवटी म्हणाले, आणि वर्ग फुटला. सुतळीवाला तर बाकाखाली गेला.

बाई हसल्या नाहीत. वॉर्डात रोग्याचं स्वावलंबन मोजायची त्यांची एक मोजपट्टी होती. ती त्यांनी तिथल्या तिथं लावली. राजेसाहेबांचे गुण वॉर्डातल्या अर्धांगवायूच्या आजोबांपेक्षा कमी भरले. आजोबा निदान नाडी बांधत.

"तुम्हाला या विभागात प्रवेश मिळालाय," बाई म्हणाल्या, "पण चुकीच्या दारानं. तुम्ही पलंगावर पाहिजे होतात."

मग त्यांनी अट घातली. हात पुन्हा आठवडाभर बांधायचा. घरातल्या कुणीही हात लावायचा नाही. शेवटच्या सकाळी बाई स्वतः घरी येतील. त्यांच्यासमोर कपडे घालायचे, नाश्ता करायचा आणि त्यांना चहा द्यायचा. जमलं नाही, किंवा कुणाचा हात पुढे आला, तर यंदा वॉर्ड नाही. बरोबरीची मुलं पुढे जातील आणि राजेसाहेब पुन्हा याच बाकावर बसतील, खालच्या वर्गाबरोबर.

घरी हे ऐकून आई पेटली.

"आईनं मुलाला हात लावायचा नाही? ही कसली मेली विद्या? त्या बाईला मुलंबाळं आहेत की नाही?"

"आई, माझं वर्ष जाईल."

हे ऐकल्यावर ती गप्प झाली. वर्ष जाणं म्हणजे काय ते तिला कळत होतं. तिच्या बहिणीच्या मुलाचं एक वर्ष गेलं होतं आणि ते अजून प्रत्येक लग्नात निघत होतं. पण गप्प झाली म्हणजे ऐकलं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा उठला तर पेस्टचं टोपण उघडं, ट्यूब दाबून टोकाला बरोबर एका दाताएवढी पेस्ट डोकावत होती. शर्टाची वरची दोन सोडून सगळी बटणं आधीच लावलेली. अंडं बशीत सोललेलं.

"हे कुणी सोललं?" बहीण म्हणाली. ती पहारेकरी झाली होती, आणि असला आनंद तिला जन्मात मिळाला नव्हता.

"फुटलं आपोआप," आई म्हणाली. "उकळताना फुटतात कधीकधी."

"आणि टरफलं आपोआप केराच्या डब्यात गेली?"

मग राजेसाहेब एकटेच स्वयंपाकघरात उतरले आणि घोडं पेंड खायला लागलं. मीठ कुठे असतं? चहाची पावडर कुठल्या डब्यात? शेगडी पेटवताना आधी काय फिरवायचं? अडचण उजव्या हाताची नव्हतीच. डावा मोकळा होता आणि त्यालाही काही ठाऊक नव्हतं. हा मुलगा त्या घरात जन्मल्यापासून राहत होता, पण पाहुण्यासारखा.

"दादा," बहीण म्हणाली, "तुझे आधी दोन्ही हात बांधलेले होते. आत्ता कुठे एक सुटलाय."

आई दारात उभी राहून तडफडत होती. दूध उतू जायला लागलं की ती एक पाऊल पुढे टाकी. शेवटी राजानंच तिला बाईंची युक्ती सांगितली. "हात मागे धर, आई. आपलंच मनगट आपण धरायचं." तिनं हात मागे घेतले. तेव्हापासून ती तशीच उभी राहू लागली, पाठीमागं हात गुंफून, ओठ दाबून. म्हणजे, दाबून फार वेळ नाही. बाईंनी हात मागे ठेवायला सांगितलं होतं, तोंडाबद्दल काही बोलल्या नव्हत्या. "गॅस बारीक कर. बारीक म्हणजे बंद नव्हे. अरे, कपडा घे, भाजेल. त्या बाईला म्हणावं, ये आणि बघ माझ्या सोन्याचे हाल."

पण हळूहळू सोनं तापलं. भांडं घसरू नये म्हणून त्याखाली ओलं फडकं ठेवायचं, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं, आता हाताला कळलं. शर्ट घालताना पट्टी तेवढ्यापुरती सोडून, पण तो हात लुळा समजून, त्याची बाही आधी. बटणं खालून वर. नाडीच्या एका टोकाला गाठ मारून दुसरं टोक भोकांतून नागमोडी ओवायचं. पहिल्यांदा बूट एका हातानं बांधला तेव्हा तो बाबांना दाखवायला डेपोत जाणार होता, बहिणीनं थांबवला. बाबा रात्री आले, बुटाकडे खूप वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मग आता सकाळी मी काय करू?" ते हसत होते, पण विचारत खरंच होते.

शेवटच्या सकाळी बाई आल्या. चप्पल न वाजवताच आल्या. खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसल्या. आई दारात उभी, हात मागे. बहिणीनं देवापुढे बसावं तशी मांडी घातली होती. बाबांनी रजा घेतली होती आणि ते उगाचच घड्याळाकडे बघत होते.

राजानं बटणं लावली. अंडं फोडलं, थोडं कवच तव्यात गेलं, ते त्यानं चमच्यानं काढलं, थोडं राहिलं. ब्रेडला लोणी लावताना ब्रेड पळाला, त्यानं तो ताटाच्या कडेला टेकवून पकडला. शेवटी साखर. मुंग्यांच्या धाकानं बाबा साखरेच्या बरणीचं झाकण जन्माचं वैर असल्यासारखं आवळत. राजानं ड्रॉवर उघडला, बरणी त्यात घातली, कमरेनं ड्रॉवर दाबला आणि झाकण फिरवलं. फिरेना. पुन्हा फिरवलं. घाम आला. तिसऱ्यांदा झाकण कुरकुरलं आणि सुटलं. बहिणीनं टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाक शिंकरलं.

बाईंनी चहाचा घोट घेतला. "बरा आहे," म्हणाल्या.

आईचा जीव भांड्यात पडला. आता परीक्षा संपली म्हणून ती पाहुणचाराला धावली. फडताळातून बिस्किटांची बरणी काढली, दाराजवळ गेली, झाकण दाराच्या फटीत अडकवलं, दोन्ही तळव्यांनी बरणी गर्रकन फिरवली आणि उघडी बरणी घेऊन आली. तिच्या लेखी ही बरणी उघडायची रीतच होती.

"आत्ता काय पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"आईनं बिस्किटं आणली," राजा म्हणाला.

"डोळे घरी ठेवून वॉर्डात यायचंय का? पुन्हा बघा."

राजानं पुन्हा बघितलं. आईनं बाईंचा रिकामा कप घेतला, तो दोन्ही तळव्यांत धरून. ट्रे उचलला, तो मनगटांवर पेलून. फडकं पिळलं, म्हणजे नळाला गुंडाळून ओढलं. अंगठा कशालाच लागत नव्हता. मग काही करायला उरलं नाही म्हणून ती पुन्हा सवयीनं दारात जाऊन हात मागे घेऊन उभी राहिली. राजा उठला आणि तिच्या पाठीमागं गेला.

तिनं मनगट धरलेलंच नव्हतं. डाव्या मुठीत उजवा अंगठा घट्ट धरून ती त्याचं बूड दाबत होती. आठवडाभर ती अशीच उभी होती आणि आठवडाभर त्याला वाटलं होतं, आई नियम पाळतेय.

त्यानं तो हात आपल्या मोकळ्या हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलं होतं. तिथं बोट लावताच आई "हं" म्हणून मागं सरली.

"कधीपासून?"

"कोण जाणे रे. वय झालं. कामाच्या भरात कळत नाही. या आठवड्यात रिकामी होते, म्हणून कळलं."

"मग संत्री कशी सोलायचीस?"

"चमच्याच्या दांड्यानं." आई ओशाळून हसली. "नख लावलं की कळ यायची. म्हणून तर फोडी फुटायच्या. तू रागावायचास."

राजाला आपली तक्रार आठवली. हल्ली रस वाया जातो. त्याला भयंकर लाज वाटली. ज्या अंगठ्याच्या स्नायूंची नावं तो झोपेत म्हणत होता, तो अंगठा रोज त्याच्या ताटापाशी येऊन जात होता आणि त्यानं एकदाही वर बघितलं नव्हतं. त्याला सरळसरळ रडू आलं. एकच हात मोकळा होता आणि त्यात आईचा हात होता, त्यामुळे डोळे पुसायचे राहून गेले.

बाई उठल्या. "अंड्यात कवच होतं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून वॉर्डात या. तिथं डोळे असेच ठेवा." मग आईकडे वळून म्हणाल्या, "आठवडाभर हात मागे ठेवणं माझ्या मुलांना वर्षभरात जमत नाही. तुम्ही ठेवलेत."

"मनातून शिव्या घालत होते तुम्हाला," आई म्हणाली.

"सगळेच घालतात," बाई म्हणाल्या आणि चप्पल न वाजवता गेल्या.

हात सुटल्यावर राजेसाहेबांना दुसरंच वेड लागलं. आईनं काही उचललं की हे झडप घालत. सुरी काढून घेत, बादली हिसकावत, तिच्या ब्रशवर पेस्ट लावून ठेवत. "तू बस. तुझा हात दुखतोय." दोन दिवस आई कौतुकानं बसली. तिसऱ्या दिवशी ती खिडकीत नुसती बसून होती, मांडीवर हात ठेवून, आणि बाबांनी विचारलं, "आजारी आहेस का?" ती म्हणाली, "नाही. मला कुणी काही करूच देत नाही."

राजानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कार्यशाळेतून त्यानं सुरीला जाड मूठ बसवून आणली. बाबांनी डेपोतून टायरच्या जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा कापून आणला. रबर झाकणावर ठेवायचं, अंगठा मोकळा सोडायचा आणि सगळा तळवा टेकून खांद्यातून जोर लावायचा, हे राजानं आईला दाखवलं.

आईनं साखरेची बरणी पुढे ओढली. बाबांनी आवळलेली. रबर ठेवलं, तळवा टेकवला, फिरवलं. रबर घसरलं. तिनं पुन्हा ठेवलं. पुन्हा घसरलं. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ दाबले गेले, आणि राजाचा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे," आई म्हणाली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

राजानं पाठीमागं आपलं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. झाकण बराच वेळ सुटलं नाही. तो तिथंच उभा राहिला.